ग्रंथालयीन वर्गीकरणातील स्थित्यंतरे : मराठी ग्रंथसंग्रहाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ग्रंथाच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवरील वर्गांक हा ग्रंथालयातील सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर होय. वाचकाच्या दृष्टीने तो ग्रंथाचा केवळ पत्ता असतो. वस्तुतः प्रत्येक वर्गांकात एक निर्णय दडलेला असतो. हा ग्रंथ मुख्यतः कशाविषयी आहे, तो कोणत्या ग्रंथांच्या शेजारी असावा आणि कोणत्या मोठ्या विषयाचा पोटभाग मानावा, हे त्या निर्णयाने ठरते. निर्णय म्हटला की त्याला काळ असतो, कारणे असतात आणि कालांतराने तो बदलतोही. म्हणूनच वर्गीकरण पद्धतींचा इतिहास हा ग्रंथालयशास्त्रापुरता मर्यादित विषय राहत नाही. समाजाने ज्ञानाची आणि माणसांची मांडणी कशी केली, याचाही तो इतिहास ठरतो.

ग्रंथालयीन वर्गीकरण कसे बदलत गेले, ते का बदलले आणि ते बदल मराठी ग्रंथसंग्रहापर्यंत किती पोहोचले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाचा शेवट यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी आणि तिच्या परिसरापाशी केला आहे. कापूस उत्पादकांचे प्रश्न, बंजारा तांडे, मराठी, उर्दू आणि गोरबोली या भाषा व वऱ्हाडचा बदलता प्रशासकीय इतिहास या परिसरात एकत्र येतात. त्यामुळे कोणत्याही सार्वत्रिक वर्गीकरण पद्धतीची खरी कसोटी येथे लागते.

मुद्रणपूर्व आणि आरंभीची मुद्रणकालीन व्यवस्था

ज्ञानाची विभागणी करण्याची कल्पना भारतीय परंपरेला नवी नव्हती. चार वेद, सहा वेदांगे, पुराणे, न्याय, मीमांसा आणि धर्मशास्त्र मिळून चौदा विद्या होतात, ही गणना सुपरिचित आहे. मात्र ती विद्यांची गणना होती, ग्रंथ फडताळात लावण्याची रीत नव्हती. पोथ्या कापडात बांधून ठेवल्या जात. दप्तरातील कागदपत्रेही रुमालात बांधली जात आणि पुण्याच्या पेशवे दप्तराचा संग्रह अशाच रुमालांचा आहे. अशा संग्रहात हवा तो कागद शोधून काढण्याचे काम मुख्यतः जाणकाराच्या स्मरणशक्तीवर सोपवलेले असे.

मुद्रणाने ग्रंथांची संख्या वाढवली आणि ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार प्रत्येक प्रांतात छापल्या जाणाऱ्या ग्रंथांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या याद्यांत चरित्र, नाटक, कादंबरी, इतिहास, भाषा, कायदा, वैद्यक, काव्य, तत्त्वज्ञान, राजकारण, धर्म, विज्ञान, प्रवास आणि संकीर्ण असे विभाग असत. मराठी ग्रंथांचे इतक्या व्यापक प्रमाणावर सातत्याने झालेले हे आरंभीचे विषयवार वर्गीकरण होय. त्यामागील प्रेरणा वाचकाची सोय ही नव्हती, तर काय छापले जात आहे याची सरकारला माहिती असावी ही होती. वर्गीकरणाचे विभाग ते करणाऱ्याच्या गरजेतून जन्मतात, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

पुढे वाचक आणि अभ्यासक यांच्या गरजेतून वेगळे प्रयत्न झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीने १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथ विषयवार मांडून दाखवले. सरकारी नोंद आणि ही ग्रंथसूची यांतील अनेक ग्रंथ तेच आहेत, परंतु हेतू बदलताच मांडणीला वेगळा अर्थ प्राप्त झाला.

ड्यूई यांची दशांश पद्धती : स्थैर्याचे आश्वासन आणि बदलाची अपरिहार्यता

मेलव्हिल ड्यूई यांनी अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना दशांश वर्गीकरणाची योजना आखली आणि १८७६ मध्ये ती ४४ पानांच्या छोट्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, त्यांचे प्रत्येकी दहा विभाग आणि त्यांचे पुन्हा दहा उपविभाग अशी एक हजार स्थाने त्यांनी कल्पिली. तोपर्यंत अनेक ग्रंथालयांत ग्रंथाचा क्रमांक म्हणजे कपाटाचा आणि फळीचा क्रमांक असे. नवे ग्रंथ आले आणि जागा अपुरी पडली की क्रमांक बदलावे लागत. ड्यूई यांनी अंक फळीला न देता विषयाला दिला. त्यामुळे ग्रंथ कोठेही हलवला तरी त्याचा वर्गांक तोच राहू लागला. या पद्धतीच्या जगभरातील प्रसाराचे हे महत्त्वाचे कारण होय.

१८८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत ड्यूई यांनी यापुढे अंकांचे अर्थ सहसा बदलले जाणार नाहीत, असे आश्वासन दिले. हजारो ग्रंथांवर अंक लिहून बसलेल्या ग्रंथपालांना अशा आश्वासनाची गरजच होती. तथापि ज्ञान स्थिर राहत नाही. जुने अंक कायम ठेवून नवे विषय त्यांच्याखाली दशांश चिन्हानंतर वाढवत नेले, तर अंक लांबत जातात आणि मूळ चौकट कालबाह्य होते. चौकटच बदलली, तर प्रत्येक ग्रंथालयावर पुनर्वर्गीकरणाचा बोजा पडतो. दशांश पद्धतीचा पुढील सर्व इतिहास या दोन टोकांमधील ओढाताणीचा आहे. १९५१ च्या पंधराव्या आवृत्तीत तक्त्यांची मोठी काटछाट करण्यात आली. ती ग्रंथपालांना मानवली नाही, आणि १९५८ च्या सोळाव्या आवृत्तीत संपादकांना पुन्हा सविस्तर तक्त्यांकडे वळावे लागले.

ज्ञानाच्या वाढीमुळे झालेल्या बदलाचे ठळक उदाहरण संगणकाचे आहे. एकोणिसाव्या आवृत्तीत (१९७९) संगणकविषयक ग्रंथांना ००१.६ या अंकाखाली जागा होती. विषय इतक्या वेगाने वाढला की १९८५ मध्ये ००४ ते ००६ हे तीन स्वतंत्र विभाग त्याच्यासाठी उघडावे लागले. अशा बदलाबाबत फारसा वाद होत नाही. ज्या बदलांमागे ज्ञानापेक्षा समाजाची दृष्टी असते, त्यांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे.

बडोदे ते मद्रास : भारतीय प्रतिसाद

पाश्चात्त्य चौकट भारतीय ग्रंथांना अपुरी पडते, ही जाणीव बडोदे संस्थानात लवकर झाली. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन यांनी ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून संस्थानातील ग्रंथालयांसाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणास आरंभ झाला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तीन भाषांत निघू लागले. ग्रंथालयाच्या तंत्राची चर्चा मराठीतून होण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. बॉर्डन यांची पद्धत संस्थानाबाहेर रुजली नाही. तिला पाठबळ देणारी यंत्रणा एका संस्थानापुरती होती. वर्गीकरण पद्धतीच्या गुणवत्तेइतकेच तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या संस्थेचे सामर्थ्य निर्णायक ठरते, असे यावरून दिसून येते.

याहून मूलगामी प्रतिसाद शियाळी रामामृत रंगनाथन यांनी दिला. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील एका दुकानात मेकॅनो हे खेळणे त्यांच्या पाहण्यात आले. थोड्या सुट्या भागांपासून अनेक वस्तू जोडता येतात, तर थोड्या घटकांपासून अनेक विषयांचे अंक का जोडता येऊ नयेत, या विचारातून द्विबिंदू वर्गीकरणाचा उगम झाला. तिची पहिली आवृत्ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. दशांश पद्धतीत तयार अंक यादीतून शोधायचा असतो. द्विबिंदू पद्धतीत विषयाचे पैलू पाडून अंक जुळवायचा असतो. १९५२ च्या चौथ्या आवृत्तीपासून व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत पदार्थांवर ही रचना उभी राहिली. साहित्यात लेखकाचे स्थान त्याच्या जन्मवर्षावरून ठरते. प्रेमचंद यांच्या अंकातील ‘एम ८०’ हा भाग १८८० हे त्यांचे जन्मवर्ष दर्शवतो.

धर्माच्या मांडणीत दोन्ही पद्धतींचा दृष्टिभेद स्पष्ट दिसतो. ड्यूई यांनी २२० ते २८० हे सात विभाग ख्रिस्ती धर्माला दिले आणि उर्वरित सर्व धर्म २९० मध्ये एकत्र केले. रंगनाथन यांनी वैदिक, वेदोत्तर हिंदू, जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम असा क्रम लावून प्रत्येकास एकेका अंकाचे समान स्थान दिले. क्रमात भारतीय धर्म आधी येतात, हे खरे. परंतु या सातांपैकी कोणत्याही धर्मास ‘इतर’ या सदरात जावे लागत नाही.

एवढे असूनही द्विबिंदू पद्धतीलाही स्थैर्याच्या प्रश्नाने गाठले. आवृत्तीगणिक नियम आणि चिन्हे बदलत गेली. रंगनाथन यांचे १९७२ मध्ये निधन झाले आणि सातवी आवृत्ती १९८७ मध्ये, म्हणजे सहाव्या आवृत्तीनंतर २७ वर्षांनी निघाली. तोपर्यंत अनेक ग्रंथालये सहाव्या आवृत्तीवरच स्थिरावली होती. दशांश पद्धतीमागे नियमित सुधारणा करणारी संस्था होती. १९८८ पासून ती जबाबदारी ओसीएलसी या संस्थेकडे गेली. भारतातील असंख्य महाविद्यालयांनी दशांश पद्धती स्वीकारली, त्यात या सातत्याचा वाटा मोठा आहे.

समाज बदलला तेव्हा अंक बदलले

धर्म, स्त्री आणि जात या तीन विषयांच्या अंकांचा प्रवास पाहिला असता परिवर्तनाची सामाजिक कारणे ध्यानात येतात.

धर्माबाबत दशांश पद्धतीवर अनेक दशके टीका होत राहिली. १९९६ च्या एकविसाव्या आवृत्तीत ख्रिस्ती धर्माचे सर्वसाधारण ग्रंथ २०० च्या आरंभीच्या स्थानांवरून २३० ते २७० मध्ये हलवण्यात आले आणि २००३ च्या बाविसाव्या आवृत्तीत मोकळी झालेली २०१ ते २०९ ही स्थाने सर्व धर्मांच्या सामाईक अभ्यासास देण्यात आली. मूळ सात विभाग मात्र ख्रिस्ती धर्माकडेच राहिले. सार्वत्रिक दशांश वर्गीकरणाने २००० मध्ये धर्माचा वर्ग संपूर्णपणे नव्याने रचला. ते धैर्य ड्यूई यांच्या पद्धतीला दाखवता आले नाही, याचे कारण तिच्या अफाट प्रसारात आहे. जितकी ग्रंथालये अधिक, तितका बदलाचा खर्च अधिक.

स्त्रीविषयक ग्रंथांना पूर्वी ३९६ हा अंक होता. तो रूढी, शिष्टाचार आणि लोकसाहित्य यांच्या वर्गात येत असे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा १८८२ चा निबंध त्या चौकटीत पोशाख आणि लग्नविधी यांच्या सान्निध्यात जातो. १९६५ च्या सतराव्या आवृत्तीत ३९६ हे स्थान रिकामे करून विषय समाजशास्त्रात ३०१.४१२ येथे आणला गेला आणि १९७९ च्या एकोणिसाव्या आवृत्तीत ३०५.४ येथे स्थिरावला. रूढीच्या वर्गातून समाजगटाच्या वर्गात झालेले हे स्थलांतर स्त्रियांच्या चळवळीशिवाय समजून घेता येणार नाही.

जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये, म्हणजे दशांश पद्धतीच्या तीन वर्षे आधी प्रसिद्ध झाली. अशा ग्रंथांचा विषय अठराव्या आवृत्तीपर्यंत ३०१.४४ या सामाजिक स्तरांच्या अंकात येई. एकोणिसाव्या आवृत्तीपासून तो ३०५.५ मध्ये आला. आज जातिव्यवस्थेसाठी ३०५.५१२२ आणि दलित समूहासाठी ३०५.५६८८ हे अंक वापरले जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ (१९५७) बौद्ध धर्माच्या २९४.३ या अंकात जातो, तर दलित आत्मकथने साहित्यात, चरित्रात किंवा ३०५.५६८८ मध्ये जाऊ शकतात. एकाच चळवळीचे ग्रंथ अशा रीतीने तीन-चार कपाटांत विखुरतात. विषयानुसार प्रत्येक निर्णय समर्थनीय असतो, पण विद्यार्थ्याला चळवळ एकसंध दिसत नाही.

भाषांचा क्रम आणि अंकांची उतरंड

साहित्याच्या वर्गात इंग्रजीला ८२० हा पूर्ण विभाग आहे आणि इंग्रजी कादंबरी ८२३ या तीन अंकांत मावते. मराठी साहित्य ८९१.४६ असून मराठी कादंबरीला ८९१.४६३ असे सहा अंक लागतात. हा केवळ लांबीचा प्रश्न नाही. कोंकणीचा अंक ८९१.४६९ म्हणजे मराठीच्या पोटातला आहे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये तिचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. तरी अंकाची उतरंड तशीच आहे. उर्दूचा ८९१.४३९ हा अंक हिंदीच्या ८९१.४३ खाली येतो, तर राजस्थानीचा ८९१.४७९ गुजरातीच्या ८९१.४७ खाली.

फुलसावंगीच्या परिसरात हा मुद्दा तात्त्विक राहत नाही. येथील तांड्यांत बोलली जाणारी गोरबोली भाषाशास्त्रज्ञ राजस्थानी गटाशी जोडतात. ग्रिअर्सन यांनीही भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडात बंजारी अथवा लभाणीचा वेगळा विचार केला आहे. या बोलीतील गीतांचा संग्रह ग्रंथपालाच्या हाती आला, तर तो लोकसाहित्य म्हणून ३९८.२ मध्ये ठेवावा, राजस्थानी साहित्यात ठेवावा की देवनागरीत छापलेला म्हणून सवयीने मराठी कवितेत ठेवावा, हा निर्णय त्याला करावा लागतो. त्या निर्णयावर त्या समाजाचे वाङ्मय साहित्य म्हणून वाचले जाणार की रूढी म्हणून, हे काही अंशी अवलंबून राहते.

फुलसावंगीच्या दृष्टिकोनातून

प्रदेशाच्या अंकाबाबतही अशीच अडचण येते. पुसद तालुका १९०५ मध्ये वाशिम जिल्ह्यातून यवतमाळमध्ये आला. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. आजच्या तक्त्यात मध्य प्रदेशाचा इतिहास ९५४.३ येथे आणि महाराष्ट्राचा ९५४.७९२ येथे आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांतावरील ग्रंथ यांपैकी एका ठिकाणी ठेवला की दुसऱ्या ठिकाणी शोधणाऱ्यास तो सापडत नाही.

याहून गंभीर प्रश्न शेतीविषयक ग्रंथांचा आहे. महागाव तालुक्यातीलच चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी सामूहिक आत्महत्या केली. पुढील दशकांत शेतकरी आत्महत्या हा विदर्भातील अभ्यासाचा मोठा विषय झाला. २००६ मध्ये केंद्र सरकारने यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. या विषयावरील ग्रंथ ३६२.२८ मध्ये ठेवला तर तो समाजकल्याणाचा प्रश्न होतो. ६१६.८५८४४५ मध्ये ठेवला तर तो मनोविकाराचा होतो, १७९.७ मध्ये ठेवला तर नीतिशास्त्राचा आणि ३३८.१ मध्ये ठेवला तर कृषी अर्थव्यवस्थेचा. कापसाच्या लागवडीवरील पुस्तके तर ६३३.५१ मध्ये वेगळ्याच कपाटात असतात. तक्ता ग्रंथपालाला सर्व वाटा मोकळ्या ठेवतो. मृत्यूचे कारण व्यक्तीच्या मनात शोधायचे की कर्ज, पाणी आणि बाजारभाव यांत, याचे पहिले सूचन मात्र कपाटाच्या निवडीतून होते.

ग्रामीण ग्रंथालयांचे वास्तव या चर्चेत विसरता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये, पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना झाला. १९७० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ग्रंथालये अ, ब, क आणि ड या वर्गांत विभागून अनुदान मिळू लागले. अनुदानाने ग्रंथ गावोगाव पोहोचले. परंतु नवी आवृत्ती विकत घेणे, जुन्या पट्ट्या काढून नव्या लावणे, दाखल नोंदवही आणि तालिका दुरुस्त करणे यांसाठी लागणारे मनुष्यबळ लहान ग्रंथालयाजवळ क्वचितच असते. परिणामी नवे ग्रंथ नव्या आवृत्तीनुसार आणि जुने ग्रंथ जुन्या आवृत्तीनुसार राहतात. अशा संग्रहात स्त्रीविषयक एक पुस्तक ३९६ मध्ये आणि दुसरे ३०५.४ मध्ये आढळले, तर तो ग्रंथपालाचा निष्काळजीपणा मानणे योग्य नव्हे. बदललेल्या दृष्टीचे थर एकाच कपाटात साचल्याची ती खूण आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) वर्गीकरणातील बदल केवळ ज्ञानाच्या वाढीमुळे होत नाहीत. समाजगटांच्या प्रतिष्ठेतील बदल, भाषा व प्रदेश यांची राजकीय मान्यता आणि पद्धती चालवणाऱ्या संस्थेचे सामर्थ्य ही कारणे तितकीच प्रभावी ठरतात.

२) समाजात घडलेला बदल तक्त्यात उतरण्यास आणि तक्त्यातील बदल फळीवर उतरण्यास प्रत्येक वेळी विलंब होतो. ग्रामीण ग्रंथालयात हा दुसरा विलंब सर्वांत अधिक असतो.

३) पद्धतीचा प्रसार जितका मोठा, तितके तिचे मूलभूत परिवर्तन कठीण होते. धर्माच्या वर्गाचा इतिहास याची साक्ष देतो.

या मर्यादेतही स्थानिक पातळीवर बरेच करता येण्यासारखे आहे. स्थानिक साहित्याला प्राधान्य द्यावयाचे असल्यास ते ८१० येथे आणण्याचा पर्याय दशांश पद्धतीनेच दिलेला आहे. सर्व संग्रहाचे पुनर्वर्गीकरण शक्य नसेल, तर संगणकीय तालिकेत एका ग्रंथाला अनेक विषयशीर्षके देता येतात. कर्जबाजारीपणा, कापूस आणि आत्महत्या या तिन्ही शब्दांनी तोच ग्रंथ सापडू शकतो. गोरबोलीतील ग्रंथांची स्वतंत्र सूची तालिकेला जोडता येते. त्यासाठी विषय जाणणारे प्राध्यापक आणि तंत्र जाणणारे ग्रंथपाल यांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. पुस्तक कोठे ठेवावे, हा प्रश्न आजवर ग्रंथपालावर सोडून देण्यात आला. तो अध्यापनाचाही प्रश्न आहे, कारण फुलसावंगीच्या विद्यार्थ्याला आपल्या गावाचे दुःख कोणत्या नावाने शोधावे लागेल, हे त्या उत्तरावर ठरणार आहे.